लॅराव्हेल वापरले म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित झाले का?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे ‘लॅराव्हेल’ या पीएचपी फ्रेमवर्कवर, म्हणजे पीएचपी या भाषेत संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्यावर, काम करणाऱ्या वाचकांची आहेत आणि त्यांतून एक समजूत वारंवार डोकावते : फ्रेमवर्क नावाजलेले आहे, तेव्हा सुरक्षेची काळजी त्यानेच घेतलेली असणार. ही समजूत अर्धीच खरी आहे. टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये आणलेल्या या फ्रेमवर्कने पीएचपीच्या अनेक जुन्या दुखण्यांवर चांगला उतारा दिला. मात्र आपण फायली सर्व्हरवर कुठे ठेवल्या आहेत आणि डेटाबेसमधील कोणती नोंद कोणाच्या मालकीची आहे, या दोन गोष्टी त्याला आपोआप कळत नाहीत. खालील उत्तरांत भर त्यांवरच अधिक आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेचे संकेतस्थळ मी लॅराव्हेलमध्ये तयार केले असून ते शेअर्ड होस्टिंगवर आहे. संपूर्ण प्रकल्प मी ‘पब्लिक-एचटीएमएल’ या फोल्डरमध्येच चढवला होता. मागच्या आठवड्यात एका मित्राने संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे ‘डॉट-एनव्ही’ (गुप्त सेटिंग्जच्या फाइलचे नाव) असे लिहून पाहिले, तर ती फाइल ब्राउझरमध्ये जशीच्या तशी उघडली. मी ती ताबडतोब बंद केली. आणखी काही करणे आवश्यक आहे का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : होय, मुख्य काम अजून व्हायचेच आहे. फाइल बंद केल्याने पुढची गळती थांबली. आधी कोणी ती वाचून ठेवली असेल, तर त्यावर या बंदोबस्ताचा काहीही परिणाम होत नाही. ‘आमचे संकेतस्थळ लहान आहे, ते कोण शोधणार’ हा युक्तिवादही येथे चालत नाही, कारण अशा फायली शोधणारी माणसे नसून स्वयंचलित प्रोग्राम असतात. अमेरिकेतील ‘सिसा’ ही सायबर सुरक्षा यंत्रणा आणि एफबीआय यांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘अँड्रॉक्सघोस्ट’ नावाच्या मालवेअरबाबत संयुक्त इशारा दिला होता. हा मालवेअर इंटरनेटवर लॅराव्हेलची संकेतस्थळे हुडकतो, त्यांची डॉट-एनव्ही फाइल उघडते का ते पाहतो आणि तीतील ईमेल व क्लाउड सेवांच्या किल्ल्या उचलतो. त्यामुळे फाइल उघडी होती याचा अर्थ ती वाचली गेली आहे, असेच धरून चालावे.

त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, ईमेल आणि एसएमएस सेवेच्या किल्ल्या, पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली आणि ‘ॲप-की’ (ॲप्लिकेशनची स्वतःची गुप्त किल्ली) एवढे तरी असतेच. पहिल्या चार गोष्टी त्या त्या सेवेच्या पॅनेलवर जाऊन बदलाव्यात आणि जुन्या किल्ल्या रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी, कारण काही सेवा नवी किल्ली दिल्यानंतरही जुनी चालू ठेवतात. ॲप-की मात्र घाईने बदलू नये. लॅराव्हेल कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) याच किल्लीने कूटबद्ध करते, ठरावीक मुदतीचे स्वाक्षरीयुक्त दुवे याच किल्लीने तयार होतात आणि आपण सभासदांचे आधार किंवा पॅन क्रमांक कूटबद्ध करून ठेवले असतील, तर तेही याच किल्लीने उघडतात. किल्ली सरळ बदलली, तर ती माहिती कोणालाच, आपल्यालाही, वाचता येणार नाही. सभासदांचे पासवर्ड या बदलाने निकामी होतील, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे, कारण पासवर्डचे हॅश (साठवण्यासाठी केलेली, उलट न फिरणारी रूपे) ॲप-कीवर अवलंबून नसतात.

ही किल्ली परक्या हाती पडली, तर काय होऊ शकते याचे उदाहरण ‘सीव्हीई-२०१८-१५१३३’ या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीत सापडते. त्या काळी लॅराव्हेल ब्राउझरकडून आलेले कूटबद्ध टोकन (ओळखीचा मजकूर) उलगडल्यावर त्यातून थेट पीएचपीचे ऑब्जेक्ट (प्रोग्राममधील चालते घटक) घडवत असे. ज्याच्याकडे ॲप-की आहे, तो स्वतःला हवा तसा मजकूर योग्य रीतीने कूटबद्ध करून पाठवू शकत होता आणि ऑब्जेक्ट घडण्याच्या प्रक्रियेतून सर्व्हरवर आपली आज्ञा चालवू शकत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ५.६.३० या आवृत्तीत ही वाट बंद करण्यात आली. तरीही किल्ली असणारा मनुष्य आजही स्वाक्षरीयुक्त दुवे बनावट तयार करू शकतो, आणि सत्राची (चालू लॉगिनची) माहिती कुकीतच साठवण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर दुसऱ्याच्या नावाने प्रवेशही करू शकतो.

लॅराव्हेल ११ पासून जुन्या किल्ल्या एका वेगळ्या सेटिंगमध्ये नोंदवून ठेवण्याची सोय झाली आहे, त्यामुळे नवी किल्ली लावल्यावरही जुना मजकूर उलगडतो. नियमित किल्लीबदलासाठी ही सोय उत्तम आहे. आपल्यासारख्या प्रसंगी मात्र ती घातक ठरेल. जुनी किल्ली त्या यादीत राहिली, तर तिने बनवलेली बनावट कुकीही स्वीकारली जाईल, म्हणजे कुलूप बदलून चोराकडची किल्ली त्यालाही लागू ठेवल्यासारखे होईल. म्हणून संकेतस्थळ काही काळ देखभालीसाठी बंद करावे, बॅकअप घ्यावा, कूटबद्ध रकाने जुन्या किल्लीने उलगडून नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध करणारी एक आज्ञा चालवावी, सर्व सत्रे पुसून टाकावीत आणि त्यानंतरच संकेतस्थळ उघडावे. जुनी किल्ली कोणत्याही सेटिंगमध्ये शिल्लक ठेवू नये.

आता मूळ कारणाकडे. लॅराव्हेलच्या प्रकल्पातील ‘पब्लिक’ हा एकच फोल्डर जगासाठी उघडा असावा, अशी त्याची रचना आहे. बाकी सर्व, म्हणजे डॉट-एनव्ही, ‘स्टोरेज’मधील लॉग आणि ‘व्हेंडर’मधील पॅकेजेस, वेब सर्व्हरच्या पोहोचेबाहेर ठेवायचे असते. सी-पॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रणपृष्ठावरही प्रकल्प ‘पब्लिक-एचटीएमएल’च्या बाहेर ठेवून डोमेनचे मूळ ‘पब्लिक’ फोल्डरकडे वळवता येते; आपली होस्टिंग कंपनी ते करू देत नसेल, तर कंपनी बदलावी. एचटी-ॲक्सेस या अपाची वेब सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये नियम लिहून एकेक फाइल झाकत बसणे हा उपाय नव्हे, कारण सर्व्हर बदलला की ते नियम निरर्थक होतात. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ती फाइल वाचतदेखील नाही. डॉट-एनव्ही फाइल गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत) गेली असेल, तर ती पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) काढून टाकल्यानेही भागत नाही. ती इतिहासात राहते.

एक कायदेशीर बाजूही आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, माहितीची गळती किंवा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्याची खबर द्यावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. पतसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हे आजच लेखी कळवावे. विकासकाने गुपचूप निस्तरून टाकण्याचा हा विषय नाही, आणि तसे केल्यास उद्या सगळी जबाबदारी आपल्या एकट्यावर येईल.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही बाजार समितीतील शेतकऱ्यांच्या विक्रीपावत्या दाखवणारे ॲप्लिकेशन केले आहे. सर्व पृष्ठांना लॉगिन बंधनकारक आहे. परीक्षकांनी पत्त्यातील पावतीचा क्रमांक बदलला, तेव्हा दुसऱ्या शेतकऱ्याची पावती दिसली. क्रमांकाऐवजी लांबलचक यूयूआयडी (अंदाजाने न ओळखता येणारा ओळखक्रमांक) वापरला, तर हा दोष दूर होईल का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : दोष झाकला जाईल, दूर होणार नाही. आपल्या ॲप्लिकेशनने ‘ही व्यक्ती कोण आहे’ हे तपासले. ‘ही पावती पाहण्याचा हक्क तिला आहे का’ हे तपासलेच नाही. लॉगिनचे मिडलवेअर (विनंती पृष्ठापर्यंत पोहोचण्याआधीची तपासणी) फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. यूयूआयडी अंदाजाने ओळखता येत नाही हे खरे, पण तो ईमेलमध्ये, ब्राउझरच्या इतिहासात, व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या दुव्यात सहज फिरतो, आणि ज्याच्या हाती दुवा पडेल त्याला पावती दिसेल.

हा दोष विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपुरता मर्यादित आहे, असे समजू नये. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ या संस्थेच्या २०२१ च्या प्रमुख धोक्यांच्या यादीत प्रवेशाधिकाराच्या तपासणीतील त्रुटींना पहिले स्थान मिळाले आणि वर्षानुवर्षे अग्रभागी असलेले एसक्यूएल इंजेक्शनसारखे (वापरकर्त्याच्या मजकुरातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याचे) हल्ले तिसऱ्या स्थानी गेले. फ्रेमवर्कमुळे इंजेक्शनला बराच आळा बसला. हक्क कोणाचा हे मात्र फ्रेमवर्क ठरवू शकत नाही, म्हणून हे दुखणे वर आले. अमेरिकेतील ‘फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल’ या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा देणाऱ्या बड्या कंपनीच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये हाच प्रकार उघडकीस आला होता. दुव्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्या ग्राहकाची कागदपत्रे दिसत, आणि अशा रीतीने सुमारे ८८.५ कोटी नोंदी उघड्या होत्या. तेथे तर लॉगिनचीही गरज नव्हती.

लॅराव्हेलमध्ये याचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र करावेत, असे माझे मत आहे. पहिला म्हणजे पावती थेट पावत्यांच्या टेबलमधून न शोधता लॉगिन केलेल्या शेतकऱ्याच्या पावत्यांच्या संबंधातून शोधणे. मग दुसऱ्याचा क्रमांक दिला, तर नोंद सापडतच नाही आणि ४०४ (‘सापडले नाही’) हे उत्तर जाते. ‘अशी पावती अस्तित्वात आहे, पण तुम्हाला मनाई आहे’ एवढी माहितीसुद्धा बाहेर पडत नाही. दुसरा म्हणजे ‘पॉलिसी’ वर्ग, म्हणजे कोणाला काय करता येईल याचे नियम एकत्र ठेवणारा कोड, लिहिणे. शेतकऱ्याखेरीज अडते, समितीचे कर्मचारी आणि लेखापरीक्षक यांनाही वेगवेगळे हक्क द्यावे लागतील, तेव्हा ते नियम कंट्रोलरमध्ये (विनंत्या हाताळणाऱ्या कोडमध्ये) विखुरलेले नसावेत. पॉलिसी लिहिली, पण ती बोलवायची राहून गेली, तर लॅराव्हेल तक्रार करत नाही, ही येथील खरी गोम आहे. त्यावर चाचण्यांवाचून इलाज नाही : ‘अ’ या वापरकर्त्याने ‘ब’ची पावती मागितली असता नकार मिळतो का, अशी चाचणी पाहणे, बदलणे, रद्द करणे आणि पीडीएफ उतरवणे या प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्रपणे लिहावी. पीडीएफचा मार्ग हटकून विसरला जातो.

याच कुळातील आणखी एक चूक आपल्या प्रकल्पात आहे का, ते पाहावे. अर्जातून आलेली सर्व माहिती एका ओळीत थेट मॉडेलला (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेल्या कोडला) देण्याची सवय अनेकांना असते, आणि मॉडेलमध्ये ‘गार्डेड’ची, म्हणजे असे भरू न द्यायच्या रकान्यांची, यादी रिकामी ठेवलेली असते. अशा वेळी कोणी अर्जात स्वतःहून ‘भूमिका’ किंवा ‘शेतकरी क्रमांक’ असा जादा रकाना घालून पाठवला, तर तोही निमूटपणे साठवला जातो. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर रेल्स या फ्रेमवर्कच्या खात्यात एका बाहेरच्या व्यक्तीने याच मार्गाने स्वतःची किल्ली नोंदवून दाखवली होती. म्हणून मॉडेलला सर्व इनपुट न देता केवळ वैध ठरलेले रकाने द्यावेत आणि मालकी दर्शवणारा रकाना नेहमी सर्व्हरने भरावा.

प्रश्न : आम्ही सर्वत्र एलोक्वेंट (लॅराव्हेलची डेटाबेस हाताळण्याची सोय) आणि ब्लेड (पृष्ठे मांडण्याची सोय) वापरतो. तेव्हा एसक्यूएल इंजेक्शन आणि एक्सएसएस (पृष्ठात परका कोड घुसवणे) या दोन धोक्यांबाबत निश्चिंत राहण्यास हरकत नाही ना? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : हरकत आहे. एलोक्वेंट वापरकर्त्याने दिलेली मूल्ये आज्ञेपासून स्वतंत्रपणे बांधून पाठवते, म्हणून मूल्यांमधून इंजेक्शन होत नाही. पण रकान्यांची नावे पीडीओला (पीएचपीच्या डेटाबेस-जोडणीला) अशी बांधता येत नाहीत. तक्ता कोणत्या रकान्यानुसार लावायचा हे वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यातून घेऊन ते जसेच्या तसे क्रमवारीच्या फंक्शनला देणे हे आपण म्हणता त्या ‘सर्वत्र एलोक्वेंट’ असलेल्या कोडमध्येही सर्रास आढळते. परवानगी असलेल्या रकान्यांची यादी कोडमध्ये लिहावी आणि तिच्याबाहेरचे नाव नाकारावे. ‘रॉ’ (कच्ची एसक्यूएल आज्ञा) हा शब्द ज्या फंक्शनच्या नावात आहे, अशा सर्व ओळी एकदा शोधून डोळ्यांखालून घालाव्यात. हे काम एका दुपारचे आहे.

ब्लेडमधील दुहेरी महिरपी कंस मजकुरातील एचटीएमएल निष्प्रभ करतात, तर उद्गारचिन्हे असलेले कंस मजकूर जसाच्या तसा छापतात. बातमी किंवा लेख रिच टेक्स्ट एडिटरमधून येत असेल, तर हे दुसरे कंस टाळता येत नाहीत. तेथे ‘एचटीएमएल प्युरिफायर’सारख्या लायब्ररीने मजकूर आधी गाळून घ्यावा. दुहेरी कंसांचीही मर्यादा आहे : वापरकर्त्याने स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता म्हणून ‘जावास्क्रिप्ट’ आणि अपूर्णविराम (:) यांनी सुरू होणारा मजकूर दिला आणि आपण तो दुव्यात छापला, तर त्यात निष्प्रभ करण्याजोगे एकही चिन्ह नसते आणि दुव्यावर टिचकी मारताच तो कोड चालतो. पत्ता एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतो ना, हे वैधता तपासताना पाहावे.

प्रश्न : पेमेंट गेटवेकडून येणारी सूचना ४१९ या त्रुटीने परत जाते. सहकाऱ्याने सीएसआरएफ तपासणीच (दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरकर्त्याच्या नावाने येणाऱ्या बनावट विनंत्या टोकनवरून रोखणारी) बंद करण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : संपूर्ण तपासणी बंद करू नये, केवळ त्या एका मार्गाला सूट द्यावी. गेटवेच्या सर्व्हरकडे आपल्या वापरकर्त्याचे सत्र नसते, त्यामुळे त्याच्याजवळ टोकन असणे शक्यच नाही आणि ४१९ येणे रास्तच आहे. सूट दिल्यावर मात्र त्या मार्गावर कोणीही ‘पैसे जमा झाले’ असे पाठवू शकतो. म्हणून सूचनेच्या मूळ, न उलगडलेल्या मजकुरावर गेटवेने दिलेल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी काढून ती आलेल्या स्वाक्षरीशी पीएचपीच्या ‘हॅश-इक्वल्स’ फंक्शनने ताडून पाहावी, रक्कम आणि ऑर्डर क्रमांक आपल्या नोंदीशी जुळतो का ते पाहावे आणि तीच सूचना दोनदा आली, तरी हिशेब एकदाच धरावा. ब्राउझर ग्राहकाला परत आणून सोडतो त्या पृष्ठाच्या भरवशावर ऑर्डर पूर्ण झाल्याचे कधीही मानू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या पोर्टलवर पालकांनी देवनागरीत लांब पासवर्ड ठेवावेत, असा आमचा आग्रह आहे. लॅराव्हेल त्यांना आधार देते का, आणि ते सुरक्षित असतात का? (एक शिक्षक, ठाणे)

उत्तर : आधार देते, पण एका अडचणीसह. लॅराव्हेलची मूळ निवड असलेली बीक्रिप्ट ही पद्धत पासवर्डचे फक्त पहिले ७२ बाइट विचारात घेते आणि पुढचा भाग सोडून देते. इंग्रजी अक्षरासाठी हा प्रश्न ७२ अक्षरांनंतर येतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत. त्यामुळे आपल्याकडे ही मर्यादा २४ चिन्हांवरच गाठली जाते. ‘उन्हाळ्यात आजोळच्या विहिरीत पोहायला’ हा पासवर्ड दिसायला भक्कम आहे, पण तो ‘विहिर’ येथे जवळजवळ संपतो आणि ‘पोहायला’च्या जागी काहीही लिहिले तरी प्रवेश मिळतो. एवढ्या लांबीचा पासवर्ड तरीही कमजोर ठरत नाही; धोका असा, की ‘शाळेचे पूर्ण नाव आणि शेवटी स्वतःचे गुपित’ अशा धर्तीवर पासवर्ड ठेवणाऱ्याचे गुपितच कापले जाते. लॅराव्हेलचा ‘कमाल लांबी’ हा नियम बाइट न मोजता अक्षरचिन्हे मोजतो, म्हणून त्याला ७२ हा आकडा देऊन उपयोग नाही. आर्गॉन-टू-आयडी ही पद्धत निवडावी. तिला ही मर्यादा नाही. जुने हॅश असलेल्या पोर्टलवर बदल करताना हॅशची पद्धत पडताळण्याचे सेटिंग संक्रमणकाळापुरते बंद ठेवावे लागते, अन्यथा जुन्या पालकांचे लॉगिन त्रुटी देऊन थांबते.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ काही कीबोर्ड एका चिन्हाने लिहितात, काही र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, तर काही ठिकाणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी जुळणी होते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात; हॅश तीन वेगवेगळे निघतात आणि घरच्या संगणकावर चाललेला पासवर्ड मोबाइलवर चालत नाही. पीएचपीच्या ‘इंटल’ विस्तारातील नॉर्मलायझर वापरून पासवर्ड हॅश करण्यापूर्वी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणल्यास पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. हे नियम नोंदणी, लॉगिन आणि पासवर्डबदल या तिन्ही ठिकाणी सारखेच लागू व्हायला हवेत.

प्रश्न : पॅकेजेस अद्ययावत ठेवण्यासाठी थेट चालू सर्व्हरवरच ‘कंपोझर अपडेट’ (पीएचपीची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची आज्ञा) चालवणे योग्य आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. अपडेट आपल्या संगणकावर करावे, चाचण्या चालवाव्यात, लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये टाकावी आणि सर्व्हरवर त्या लॉक फाइलनुसार फक्त ‘इन्स्टॉल’ करावे, तेही विकासापुरती लागणारी पॅकेजेस वगळून. हे वगळणे क्षुल्लक वाटते, पण इग्निशन या त्रुटी दाखवणाऱ्या पॅकेजमधील ‘सीव्हीई-२०२१-३१२९’ ही त्रुटी पाहावी : २.५.२ च्या आधीची आवृत्ती आणि चालू ठेवलेला डीबग मोड (त्रुटींचा तपशील दाखवणारी स्थिती) एवढ्यावर बाहेरचा मनुष्य सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. ‘व्हेंडर’ फोल्डर उघडा राहिला, तर पीएचपीयुनिट या चाचण्यांच्या पॅकेजच्या जुन्या आवृत्त्यांतील २०१७ ची त्रुटीही अशीच वापरली जाते. कंपोझर २.४ पासून ‘ऑडिट’ ही आज्ञा आली असून ती बसवलेल्या पॅकेजेसमधील ज्ञात त्रुटी दाखवते. ती प्रत्येक बिल्डमध्ये चालवावी आणि त्रुटी आढळल्यास बिल्ड थांबवावी. मात्र मुदत संपलेल्या आवृत्त्यांना ऑडिटचा आधार अपुरा पडतो, कारण त्यांच्यासाठी दुरुस्ती निघतच नाही. पीएचपी ८.१ ची सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही होती आणि लॅराव्हेल १० ची फेब्रुवारी २०२५. आपला प्रकल्प यांवर असेल, तर आधी ती आवृत्ती बदलण्याचे काम हाती घ्यावे.